रुख्मिणीचा घास

खुशालरावाच्या घरी पहिला घास रुख्मिणीचा असे, आणि रुख्मिणी तर केव्हाच मरून गेली होती. चुलीवरची पहिली भाकर उतरली की तिचा तुकडा मोडायचा, त्यावर भाजी ठेवायची आणि मैनाबाईनं गळ्यातला टाक पदराबाहेर काढून त्याला तो दाखवायचा. "घ्या बाई," असं म्हणायचं. मग घरातल्यांनी जेवायचं. मैनाबाईला कितीही कडकडून भूक लागलेली असली, तरी रुख्मिणीच्या आधी तिच्या पोटात पाण्याचा थेंब जात नसे.

टाक म्हणजे एक लहानसा पत्रा, त्यावर बाईची आकृती उमटवलेली. नवऱ्याची पहिली बायको मेलेली असली की दुसरीच्या गळ्यात तिच्या नावाचा टाक बांधायचा, हा जुना रिवाज. लोक चांदीचा करत. खुशालरावानं सोन्याचा केला, कारण वर्षंच तशी होती. सातासमुद्रापलीकडे कुठल्याशा मुलखात लढाई जुंपली होती, विलायतेच्या गिरण्या कापसावाचून अडल्या होत्या आणि साऱ्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीवर येऊन पडली होती. जिवंत असताना रुख्मिणीच्या अंगावर सोन्याचा मणी चढला नव्हता. मेल्यावर ती सगळीच सोन्याची झाली. कापसाच्या त्या वर्षांत अशा गमती पुष्कळ झाल्या.

खुशालरावाचं घराणं मूळचं पानमळेवालं. अमरावतीच्या परकोटाबाहेर, बडनेऱ्याच्या वाटेवर त्यांचा विड्याच्या पानांचा मळा होता. कापूस चढला तसा त्यानं वेली उपटल्या, आधाराची झाडं तोडली आणि सगळ्या रानात कापूस पेरला. जुनं कुडाचं घर पाडून विटांचं बांधलं. त्या घराच्या ऐन मध्यात कापूस साठवायची खोली काढली. तिला दार एक, कुलूप एक, आणि खिडकी नाही. कापसाची चोरी होते, म्हणून खिडकी नाही. पावसाळी वारा लागून कापूस ओलावतो, म्हणूनही नाही. माणसाला वारा लागतो की नाही, हे कोणी विचारलं नाही. घरच्या बायका त्याच खोलीत रेच्यावर, त्या लाकडी चरकावर, कापसातली सरकी काढत बसायच्या, आणि बाहेर आल्या की भुवयांपर्यंत पांढऱ्या झालेल्या असायच्या. रुख्मिणी आजारी पडली तेव्हा तिची बाजही तिथेच टाकली होती. वाळत चाललेली बाई चारचौघांना दिसली तर घराचं नाव जातं. खोकत खोकत ती त्या अंधारातच गेली.

मैनाबाई अंजनगावच्या पुंजाराम पानमळेवाल्याची लेक. तिची आई ती रांगत असतानाच वारली होती, त्यामुळे सासरी तिला नवऱ्यापेक्षा सासू जास्त मिळाली, असं म्हटलं तरी चालेल. सासू गोदाबाई हाडापेरानं बारीक, डोळ्यांत भारी माया. सून उंबऱ्यात आली त्याच संध्याकाळी तिनं तिला पुढ्यात बसवलं आणि डोक्याला तेल चोळलं. मैनाबाईच्या डोक्याला असा हात कधी लागला नव्हता. ती रडली, आणि सासूनं ती का रडते हे विचारलंही नाही.

"हे पाह्य, मैना," गोदाबाई म्हणाली, "रुख्मी मले माय म्हणे. आत्याबाई कधी म्हटलंच नाही तिनं. गुणाची होती व. तिच्या बाजंवर झोपत जा, तिच्या ताटात जेवत जा, तिचीच गोधडी पांघर. तिले परकं वाटू देऊ नको. जितकी तिच्या जवळ राहशीन, तितकी ते तुले जपीन."

मैनाबाई तशी राहिली. रुख्मिणीची गोधडी तिनं अंगावर घेतली, रुख्मिणीच्या वाटीनं पाणी प्याली. भीती वाटली नाही, उलट आधीआधी तिला त्या मेलेल्या बाईची सोबतच वाटली. रुख्मिणीची लेक शकुन जेमतेम चालायला बोलायला लागलेली होती. ती मैनाबाईच्या मांडीवर चढायची, टाक मुठीत धरायची आणि विचारायची, "माय झोपली?" मैनाबाई म्हणायची, "झोपली." मग शकुनही झोपायची, मूठ तशीच आवळून.

शकुनला जेवू मात्र गोदाबाईच घालायची. पोरीला सगळे दात आले होते, तरी आजी भाकरीचा घास आपल्या तोंडात मऊ करायची आणि मग तिच्या तोंडात द्यायची. नातीला दुसऱ्या कोणाच्या हातचं गोड लागत नसे, आणि त्याचा आजीला कोण अभिमान!

पहिला हंगाम असा गेला. दुसऱ्या हंगामात मैनाबाईला खोकला ऐकू यायला लागला.

ऐन दुपारी यायचा. पुरुष रानात, शकुन ओसरीवर निजलेली, सासू शेजारी गेली असावी. मैनाबाई चुलीपाशी एकटी असायची, आणि कापसाच्या खोलीतून तो यायचा. दाबलेला, कुणीतरी तोंडावर कापड धरल्यासारखा. थांबायचा. पुन्हा यायचा. तिच्या हातातलं पीठ हातातच राहायचं. एकदा तिनं धीर करून दारापर्यंत जाऊन हाक मारली, "बाई?" आतला खोकला तिथल्या तिथे बंद पडला. तेव्हा मैनाबाई जी पळाली ती तुळशीपाशी जाऊन थांबली. शेजारची माणिकबाई भिंतीपलीकडून म्हणाली, "तुले आत्ता आयकू आलं काय? आमी तं पयलेपासून आयकून राहिलो. रुख्मी सुटली नाही व, बाप्पा."

त्यानंतर टाक तिच्या गळ्यात जड व्हायला लागला. पंगतीला बसली की रुख्मिणी शेजारी बसली आहे असं वाटायचं, गोधडी अंगावर ओढली की आत आधीच कुणीतरी ऊब धरून असल्यासारखं वाटायचं. मग संध्याकाळचा ताप यायला लागला, आणि ती स्वतःही खोकायला लागली. अंगावरचं मांस उतरलं. गावानं निकाल देऊन टाकला : सवतीनं धरलं.

खुशालराव वाईट माणूस नव्हता. घाबरलेला होता. "काय कमी पडून राहिलं तिले?" असं तो देव्हाऱ्याकडे बघून विचारायचा, आणि जे सुचेल ते वाढवायचा. रुख्मिणीला नवं लुगडं आणलं, ते आधी टाकाला दाखवून मैनाबाईला नेसवलं. रुख्मिणीची बाज पुन्हा कापसाच्या खोलीत नेली, कारण तिचा जीव तिथं घुटमळतो. मैनाबाईनं तिच्यासोबत तिथं निजावं, म्हणजे ती शांत होईल. रुख्मिणीच्या जवळ, आणखी जवळ. बाहेरून दार ओढून घेतलं की मैनाबाई त्या पांढऱ्या ढिगाकडे बघत पडायची. तिला मरायचं नव्हतं. एवढं एक तिला स्पष्ट कळत होतं.

आणि एका सकाळी शकुनची वेणी घालताना तिच्या हाताला पोरीच्या जबड्याखाली गाठ लागली. चिंचोक्याएवढी, आणि तिच्या खाली आणखी एक. मान कढत होती. मैनाबाईनं फणी खाली ठेवली. सवतीनं मला धरावं, हे तिला समजत होतं. पण स्वतःच्या पोटच्या पोरीला कोणती आई असं धरेल? ज्या बाईला ती रोज घास दाखवत होती, तिची बाजू तिच्या मनानं त्या दिवशी पहिल्यांदा घेतली.

तेव्हा तिला बाप आठवला. पानमळ्यात मर लागली की एक वेल पिवळी पडते, मग दुसरी. नवखा माणूस पिवळी वेल उपटतो आणि हात झाडून घरी जातो. पुंजाराम तसं करत नसे. तो पिवळ्या वेलीपाशी बसायचा आणि आजूबाजूच्या हिरव्या वेलींची बुडं उकरून बघायचा. त्यातली एखादी जुनी, वरून तरतरीत पानांची वेल बुडाशी काळी निघायची. रोग तिथून पसरत असायचा. ती वेल जगून असायची आणि शेजारच्या मरत असायच्या. ती तो मुळासकट काढून मळ्याबाहेर न्यायचा. मोठी, जुनी, सगळ्यात जास्त पानं दिलेली वेल काढताना त्याचे डोळे भरून यायचे, हेही तिनं पाहिलं होतं.

त्या दुपारी खोकला सुरू झाला तेव्हा ती पळाली नाही. दिवा लावून हातात घेतला आणि दार ढकललं.

कापसाच्या ढिगाआड गोदाबाई गुडघ्यांवर वाकून बसली होती. तोंडात कापसाचा बोळा कोंबलेला होता. तिनं तो काढला तेव्हा तो लाल होता. तिच्या पायाशी तसलेच बोळे राखेत पुरलेले होते, जुने काळे आणि नवे लाल.

मैनाबाईनं दिवा खाली ठेवला.

"केव्हापासून?" मैनाबाईनं विचारलं.

"रुख्मी घरात आली त्याच्याही पहिलेपासून." गोदाबाई पदरानं तोंड पुसत होती. "कोणाले सांगू नको व, मैना. तुह्या पाया पडतो. राजरोगाचं, क्षयाचं घर म्हणतीन. खुशालले पोरगी कोणी देल्ली नसती, आता शकुनले कोणी करून घेणार नाही."

"आत्याबाई, रुख्मिणीबाई नाही खोकलत इथं. तुमी खोकलता."

"मले काय माहीत होतं?" म्हातारीचा आवाज फुटला. "मले वाटलं माहं दुखणं माह्याजवळच आहे. रुख्मी पडली तं मी तिच्या बाजंवर बसून राहिलो, तिचं डोकं मांडीवर घेतलं. मी तिले चारलं, मैना. माह्या हातानं चारलं."

मैनाबाईला तिचा राग यायला हवा होता. आलाही. पण तेल चोळणारा तो हात समोर होता, आणि तिला तो हातात घ्यावासा वाटत होता. तिनं घेतला नाही. आपण हात मागे ठेवला, हे तिला जन्मभर लागून राहिलं.

"शकुनच्या मानीले गाठी आल्या," ती म्हणाली.

गोदाबाई ते ऐकून भिंतीला टेकली. मग तिनंच विचारलं, "काय करू, सांग."

काय करायचं ते मैनाबाईला कळत होतं. रोग काय, तो कसा जातो, हे तिला कुठलं ठाऊक असायला! तिला फक्त वेल मळ्याबाहेर काढायचं माहीत होतं. पण खरं कारण कोणाला सांगणार नाही असा शब्द तिनं सासूला दिला, आणि कारण न सांगता सून सासूला रानात धाडते म्हटल्यावर खुशालराव ऐकणार कसा? गावानं मैनाबाईलाच हाकललं असतं. त्या घरात एकच बाई अशी होती जिचा शब्द कोणी मोडत नव्हतं.

पुढच्या अमावास्येला खुशालरावानं शालिकराम भगताला बोलावलं. अंगणात माणसं जमली. ऊद जळला, डफ वाजला, मैनाबाईला मध्ये बसवलं. तिनं केस सोडले. शालिकरामानं राख फुंकली आणि दरडावलं, "कोण आहेस? बोल! काय पाहिजे तुले?"

मैनाबाई डोलायला लागली. मनात सगळं घोकून ठेवलेलं होतं.

"मी रुख्मी," ती म्हणाली. "माहा जीव घुसमटून राहिला. त्या खोलीची भित फोडा. उजेड येऊ द्या. माही बाज जाळा, माही गोधडी जाळा. माह्या ताटात कोणी जेवू नोका."

इथवर घोकलेलं होतं. पुढचं गोदाबाईबद्दल होतं, आणि तिथे तिची जीभ अडली. समोर सासू बसली होती, मांडीवर शकुन. मैनाबाईनं डोळे मिटले. मग तिच्या तोंडून जे निघालं, त्याचा आवाज तिला स्वतःलाच ओळखीचा वाटला नाही.

"माय," ती म्हणाली. "माय, तू मले चारलं. आता माह्या पोरीले नको चारू. तिले ठेव मांडीवरून खाली. मळ्याच्या खोपडीत जाऊन राय, माय. माहं एकच लेकरू आहे."

बायकांनी पदर तोंडाशी नेले. 'माय' म्हणणारी कोण होती हे सगळ्या गावाला माहीत होतं. गोदाबाई हळूच उठली, शकुनला मांडीवरून खाली ठेवलं आणि टाकाला हात जोडले. "जातो, बाई," ती म्हणाली. पोरीनं तिच्या लुगड्याला मिठी मारली, तेव्हा ती मिठी खुशालरावानं सोडवली. तो लहान पोरासारखा रडत होता, पण त्यानं सोडवली.

चार दिवसांत खोलीची भिंत फोडून खिडकी काढली. बाज जळली. जुन्या पानमळ्याच्या जागी कापूस राखायची खोपडी होती, तिथे गोदाबाई राहायला गेली. मैनाबाई रोज तिचं जेवण घेऊन जाई. ताट वेगळं, लोटा वेगळा. राखेनं घासून ती ते तिथेच पालथं घाली. शकुनला तिनं बांधाच्या अलीकडे धरून ठेवलेलं असे, कारण आजी दिसल्याशिवाय पोर तोंड उघडत नव्हती. दुसऱ्या दिवशी तर तिनं मैनाबाईच्या हाताला चावून रक्त काढलं. तेव्हा गोदाबाईनं युक्ती केली. ती खोपडीच्या दारात बसायची, भाकरीचा घास वर धरून दाखवायची आणि स्वतःच्या तोंडात घालायची. तिकडे आजीनं घास घेतला की इकडे शकुन घ्यायची. सबंध शेत मध्ये ठेवून दोघी अशा जेवायच्या, आणि मैनाबाईला भरवता भरवता पुढचं दिसेनासं व्हायचं.

एकदा मैनाबाई ताट ठेवत असताना गोदाबाई लांबूनच म्हणाली, "त्या दिवशी अंगणात तू होती, ते मले समजलं. खिडकीचं, बाजंचं, ते तू बोलली."

"हो, आत्याबाई."

"पण माय म्हटलं ते तू नाही व. ते रुख्मी होती."

मैनाबाईनं ताट खाली ठेवलं. ती घाईनं परतली. बांधापर्यंत तिला मागे वळून बघायचा धीर झाला नाही.

गोदाबाई पौषात गेली. सकाळी मैनाबाई पोचली तेव्हा कालचं ताट घासून पालथं घातलेलं होतं. ते शेवटचं काम तिनं स्वतःच्या हातानं केलेलं होतं. शकुनच्या मानेवरच्या गाठी पिकून फुटल्या, पुष्कळ दिवस वाहिल्या आणि सुकल्या. पोर वाचली. मैनाबाईचा ताप कधी उतरला ते तिच्याही ध्यानात राहिलं नाही. खोकला थोडा राहिला, तो राहिलाच. त्या खोलीत पुन्हा कोणाला कधी खोकला ऐकू आला नाही. रुख्मिणीनं सासूला नेलं आणि ती तृप्त झाली, असं गावानं ठरवलं. माणिकबाई तर शकुनच्या देखतच सांगायची, "इची माय सुटता सुटता म्हातारीले घेऊन गेली." मैनाबाई ते ऐकत चुलीत फुंकर घालत बसायची.

शकुन अंगणातल्या त्या दिवसापासून टाकाला शिवली नाही. मैनाबाईशी ती लाघवानं वागायची, 'मैनामाय' म्हणायची, पण तिच्या मांडीवर डोकं ठेवायच्या आधी म्हणायची, "ते आत घाल." मैनाबाई टाक पदराआड घालायची. रात्री पोरगी दचकून उठली की 'माय आली' म्हणून उठायची. आईच्या नावानं लेकरू घाबरून उठत होतं, आणि हे आपण केलं हे मैनाबाईला माहीत होतं.

पुढे लढाई संपली, कापूस पडला, आगगाडी बडनेऱ्यावरून धावायला लागली. शकुनचं लग्न अकोल्याकडच्या एका पानमळेवाल्याच्या घरात ठरलं. मानेवरचा व्रण गळ्यातल्या मण्यांखाली झाकला गेला. पाठवणीच्या सकाळी मैनाबाईनं गळ्यातला टाक काढून देव्हाऱ्यात ठेवला. आईच्या पाया पडून पोरीनं निघायचं होतं. बाहेर गाडी जुंपलेली होती.

शकुन देव्हाऱ्यापुढे उभीच राहिली.

"टेकव डोकं, शकुन," खुशालराव म्हणाला.

"नाही टेकवत," शकुन म्हणाली. "तिनं माह्या आजीले खाल्लं. मले तिचा आशीर्वाद नको."

खुशालरावाचा चेहरा पडला. मैनाबाईनं त्याला हातानंच बाहेर जायला सांगितलं आणि दार लोटलं. देव्हाऱ्यात तो सोन्याचा टाक होता. दहा घरचे शाप सोसून जिच्या नावावर पोर वाचली ती बाई त्यात उभी होती, आणि तिची पोर तिच्याकडे पाठ करून चालली होती. गोदाबाईला दिलेला शब्द मैनाबाईला आठवत होता. तो मोडायचा नव्हता. मोडला असता तर आज बाहेरची गाडी रिकामी परत गेली असती.

"तिनं नाही खाल्लं," मैनाबाई म्हणाली. "त्या दिवशी माह्या अंगात कोणीच आलं नव्हतं. मी सोंग केलं. आत्याबाईले रानात मी धाडलं."

शकुन तिच्याकडे बघत राहिली. "काहून?"

मैनाबाईनं देव्हाऱ्यातली वात पुढे सारली. "धाडलं, बस. तुही माय गुणाची होती. तिनं कोणाचं काही वाईट केलं नाही."

पोरीच्या चेहऱ्यावरचं सगळं बदलत गेलेलं मैनाबाईनं पाहिलं. शकुन वळली, देव्हाऱ्यापुढे बसली आणि तिनं टाक उचलून आधी कपाळाला, मग गालाला लावला. "माय," ती म्हणाली. लहानपणी आवळायची तशी मूठ तिनं त्यावर आवळली आणि खूप वेळ रडली. मग टाक जागेवर ठेवला, उठली, आणि मैनाबाईच्या पाया न पडता तिच्या अंगावरून गाडीकडे निघून गेली.

बैलांच्या गळ्यातल्या घंटा वेशीपलीकडे गेल्या तेव्हा मैनाबाईनं टाक पुन्हा गळ्यात बांधला. चूल पेटवली. पहिली भाकर उतरवून तिचे दोन तुकडे मोडले, एक रुख्मिणीचा आणि एक गोदाबाईचा. "घ्या बाई," ती म्हणाली. आणि मग दुसऱ्या तुकड्याकडे बघून, आयुष्यात पहिल्यांदा, "घे, माय."